कडू घोट आणि कुंडलचा सवाल

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसचा इनबॉक्स बंद, ब्रूपबचं मेनूकार्ड उघडं. व्हीट बीअर, स्टाउट, सायडर... आणि कोपऱ्यात बिचारी पेल एल! तिच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. का? तर म्हणे कडू लागते. मंडळी, या आठवड्यात तीच!

आधी थोडी ओळख. सत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणून वाळवतो ना, तसंच बार्लीला मोड आणून, वाळवून, हलकं भाजलं की झालं माल्ट. भाजणी हलकी म्हणून रंग फिका, आणि म्हणून नाव ‘पेल’. माल्टचं पाणी उकळताना त्यात हॉप्सची फुलं पडतात. कडूपणा आणि सुगंध त्यांचा. मग यीस्ट कामाला लागतं. लागरपेक्षा जरा उबेत, त्यामुळे एलला फळांसारखा वास येतो.

या घराण्यातलं बडं नाव म्हणजे इंडिया पेल एल. पण नावातल्या ‘इंडिया’वर लगेच खूश होऊ नका हं! १८व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन ब्रुअरीची पेल एल जहाजात चढायची आणि आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांपर्यंत पोचायची. महिनोन्‌महिन्यांच्या त्या प्रवासात बीअर टिकायला जास्तीचे हॉप्स कामी यायचे. इकडे नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघून गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायची पाळी यायची. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे ‘सटकलेला’ असा शब्दच तयार झाला! हेच नाव घेऊन २००९मध्ये पुण्यात एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि जहाजातून येणारी चीज आपल्याकडे ताजी गाळून मिळायला लागली.

आता ग्लासाकडे. मी चाखली ती पुण्यातल्याच एका छोट्या ब्रूपबमधली. रंग मधासारखा, किंचित धूसर. वर बोटभर फेस, बराच वेळ टिकणारा. नाकाजवळ नेलं की संत्र्याची साल नखाने सोलल्यासारखा वास. पहिल्या घोटाला भाकरीच्या पापुद्र्याची खरपूस गोडी आणि मागून कारल्याच्या भाजीसारखा कडूपणा. घाई केलीत तर नुसतंच कडू. बर्फगारपणा जरा उतरू द्या, मग वास आणि चव दोन्ही खुलतात. सोबत सांगलीचं भडंग मिळालं तर बेस्ट, त्यातल्या शेंगदाण्यांशी तिचं मस्त जमतं. तांबड्या रश्श्याशी मात्र जोडी लावू नका. हॉप्सचा कडूपणा तिखटाची आग आणखी भडकवतो. तक्रार एकच, शेवटी तोंडात थोडा तुरटपणा रेंगाळतो. पाचपैकी साडेतीन स्टार.

इथे कॉलम संपायला हरकत नव्हती. पण विषय ऐकून हिंजवडीत नोकरी करणारा माझा कुंडलचा एक मित्र म्हणाला, “कशाला छापतीस गं? आमच्या घरात बापूंचा फोटो हाय.” बापू म्हणजे क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हे महत्त्वाचं ठाणं होतं. त्या सरकारने लोकांचे तंटे मिटवले, गुंडांना धाक बसवला आणि दारूबंदीही राबवली. दारू घरात शिरली की आधी मजुरी जाते, मग भांडी, हे आपल्या गावांना कुणी शिकवायला नको. राज्यात कितीतरी ठिकाणी बायकांनी मतदानात ‘आडवी बाटली’ करून दुकानं बंद पाडली, ती काय उगाच?

मग आपली बीअर ‘क्राफ्ट’ म्हणून आपण सुटलो का? नो चान्स, बॉस! हिशेब करा. ३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या ग्लासात साडेसोळा मिली अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, जेमतेम १३ मिली. म्हणजे ‘बीअर काय, कोल्ड्रिंकच!’ हा फंडा इथेच खलास.

मित्राला मी एवढंच म्हटलं, की टेबलावर बसल्यावर पहिला प्रश्न कुठला पडतो ते बघ. ‘किती चढते?’ असा पडत असेल, तर ही नुसती महागडी हातभट्टी. घरीच थांब. ‘कशी लागते?’ असा असेल, तर एका ग्लासात उत्तर मिळतं. दुसरा मागवायची गरज नसते. बाकी नियम तुम्हाला पाठच आहेत: आपल्या राज्यात बीअरसाठी वय २१ पूर्ण हवं, आणि बाइकची किल्ली घरी ठेवून यायची.

त्याने माझ्याच ग्लासातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, भडंगाचा बकाणा भरला आणि म्हणाला, “छाप. फकस्त माझं नाव घालू नगंस.”

घातलं नाही, बाबा!