डोळ्यांची जुनी फाइल जपून ठेवा

आमच्या नागपूरच्या शाळेतील एक आपा वह्या तपासत होत्या. उजव्या डोळ्याने पाहिले की लाल शाई विटकरी, फिकी दिसे. डोळा फिरवला की आत दुखे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे आम्हा सर्वांना वाटले. नेत्रतज्ज्ञांनी मात्र सांगितले की ही डोळ्याच्या नसेची सूज आहे. दोन वर्षांपूर्वीही आपांना असाच त्रास झाला होता. डॉक्टरांनी विचारले, "तेव्हाचा ओसीटी रिपोर्ट कुठे आहे?" तो घर बदलताना रद्दीत गेला होता.

त्या कागदाची किंमत आम्हाला त्या दिवशी कळली.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सुमारे दहा लाख बारीक तंतू निघतात. त्यांचीच नस बनते आणि दिसलेले मेंदूपर्यंत नेते. ओसीटी यंत्र प्रकाशाच्या मदतीने या तंतूंच्या थराची जाडी मोजते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी १९९१ साली हे तंत्र जगापुढे मांडले. यात सुई नाही, एक्स-रे नाही. हनुवटी टेकवून काही मिनिटे एका खुणेकडे पाहायचे, एवढेच.

नसेच्या तोंडाशी हा थर निरोगी माणसात सरासरी ९० ते १०० मायक्रॉन असतो, म्हणजे साधारण एका केसाएवढा. सूज येऊन गेली की काही तंतू मरतात आणि थर पातळ होतो. नजर सुधारली तरी तो पुन्हा भरून येत नाही. मात्र सूज ताजी असताना थर फुगलेला असतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील 'नॉर्मल' आकड्यावर निश्चिंत राहू नये. खरे नुकसान तीन ते सहा महिन्यांनी मोजता येते.

आता आपांची अडचण लक्षात येईल. जुना आकडा नसेल, तर किती नुकसान पहिल्या वेळचे आणि किती या वेळचे, हे कसे ठरवायचे? डॉक्टरांना दुसऱ्या डोळ्याशी तुलना करून अंदाज बांधावा लागला.

सूज वारंवार का येते, हे एकट्या ओसीटीवरून कळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच नसांवर उलटते. त्यासाठी एमआरआय आणि रक्ताच्या खास तपासण्या लागतात. आणखी एक गोष्ट. स्टिरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेतलेल्या रुग्णांना ही सूज पुन्हा येण्याचे प्रमाण जास्त आढळले होते.

आपण निकाहनामा आणि रेशनकार्ड पेटीत सांभाळतो. त्यांच्याच शेजारी डोळ्यांची फाइल ठेवावी. प्रत्येक रिपोर्टचा मोबाइलवर फोटो घ्यावा. तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे सरळ जुळत नाहीत. मेयोत जा, मेडिकलला जा किंवा खासगी दवाखान्यात. फाइल सोबत न्या.

रंग फिके दिसू लागले, डोळा फिरवताना दुखू लागले, तर थांबू नका. आपांची नजर बरीच परतली आहे, अल्हम्दुलिल्लाह. नवी फाइल आता त्यांच्या अम्मींच्या पेटीत आहे.