आधी जोतं, मग पत्रा!

परसात एक पत्र्याची शेड हवी, असं आपल्यापैकी कितीजणींना वाटत असतं! कुणाला शिलाई मशीन ठेवायचं असतं, कुणाला पापड-कुरडयांचा पसारा मांडायचा असतो, तर कुणाला सरपण पावसापासून वाचवायचं असतं. पण घरात चर्चा रंगते ती पत्रा निळा की लाल, यावरच. खाली काय घालायचं, हे गवंडी आणि पुरुषमंडळी उभ्या उभ्या ठरवून मोकळी होतात. माझं म्हणणं एवढंच, की पैसा आधी जोत्यात घालावा आणि जमीन कशी हवी, हे तिथे दिवसभर बसणारीनं ठरवावं.

बचत गटाच्या निमित्तानं अनेक घरांच्या परसात माझं जाणं होतं. काळ्या मातीवर चार घमेली मुरूम पसरून केलेला कोबा बऱ्याच ठिकाणी तडकलेला दिसतो. यात नवल ते काय? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टेकलेलं सगळं तिच्यासोबत हलतं. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत ती काढावी. थर फारच खोल असेल, तर निदान दोन-तीन फूट काढून तिथे मुरूम भरावा. तोही थराथरानं, पाणी मारून, धुमसानं ठोकून. एकदम ओतलेला मुरूम पुढे खचतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट तरी उंच हवं.

“एवढ्याशा शेडला एवढा खर्च कशाला?” हा प्रश्न हमखास येतो. पण ओल धरलेल्या जमिनीवर ठेवलेलं पीठ, कापडाचे तागे एका पावसाळ्यात बुरसतात. ते नुकसान कुणाच्या कमाईतून जातं? तिच्याच ना!

आता वरची जमीन. नुसतं सरपण ठेवायचं, तर ठोकलेला मुरूम पुरे. शेणानं सारवलेली जमीन स्वस्त आणि पायाला सुखाची, पण दर आठवड्याला सारवणार कोण, याचा विचार आधी करावा. शिवणकामाला शहाबादी फरशी उत्तम. एखादी फुटली, तर तेवढीच बदलता येते. धुणी-भांडी, ओलं काम असेल तर खरबरीत कोबा करावा. चकचकीत टाइल्स दिसायला छान, पण ओल्या पायाला वैरीण! मोरीकडे दर दहा फुटांना इंच-दीड इंच उतार ठेवावा. आणि कोबा झाल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी मारावं. गवंड्याचे पैसे चुकते झाले, की हे काम हमखास राहून जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, गवंडी आला की चहाचे कप ठेवून आत वळू नका. तिथेच थांबा आणि खोदाई किती फूट करणार, ते विचारा. पत्र्याच्या रंगाचं नंतर बघता येईल.