कळण्याची भाकरी मागे का पडली?

ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळले की कळणा होतो. त्याची भाकरी, सोबत ठेचा, कांदा आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत. जळगाव-धुळ्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं हे जेवण. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, उडदात ते भरपूर. उडदात जे उणं, ते ज्वारी भरून काढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. देशातल्या आजारांचा ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे, असंही तिने सांगितलं. धान्याला डाळीची जोड द्या, भरड धान्य आणि भाज्या खा, हा त्यातला सल्ला खानदेशातल्या चुलीला मुळीच नवा नव्हता.

तरी कळणा मागे पडला. लोकांना त्याचे गुण ठाऊक नव्हते म्हणून नव्हे.

तो आधी शेतातून गेला. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी पिकायची. कपाशी आणि केळीने हातात रोख पैसा दिला आणि ज्वारीचं रान आटत गेलं. पाखरांची राखण, कापणी, कणसं खुडणं, मळणी एवढं करून भाव बेताचाच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलो, गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलो ठरला होता. पण रेशनच्या पिशवीत प्रामुख्याने गहू-तांदूळच आला. २०२३ पासून तो मोफत आहे. घरात माणशी पाच किलो धान्य फुकट येत असताना मजुराने बाजारातून ज्वारी विकत आणावी, असं सांगणाऱ्याने त्याच्या खिशाचाही विचार करायला हवा.

शिवाय भाकरीला हात लागतो. गरम पाण्यात पीठ मळायचं, एकेक थापायची, लगेच भाजायची. पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते, भाकरी कडक होते. सकाळी कापूस वेचायला निघणाऱ्या बाईने पोळीचा डबा भरला, तर तिला अडाणी ठरवणं हा अन्याय आहे. तिचा वेळ कोणत्याही आहारतक्त्यात धरलेला नसतो.

तेलाचंही तसंच. कमी खा, हे योग्यच. पण खानदेशी शेवभाजीची पारख लाल तर्रीवरून होते आणि पाहुण्याला तर्रीवाचून वाढणं म्हणजे हात आखडणं. सल्ला एकट्या माणसाला दिला जातो. जेवण मात्र पंगतीत होतं. ती रीत बदलायची तर गावाने मिळून बदलायला हवी.

केळीचं उदाहरण अधिक बोलकं आहे. रावेर, यावल, चोपडा हे केळीचे तालुके. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा-रावेरहून ती रेल्वेने दिल्लीकडे जाते. पण सातपुड्याच्या पाड्यावरच्या मुलाच्या हातात केळं किंवा अंडं नेमाने पडू लागलं ते राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेतून, अंगणवाडीत. राज्यातल्या शाळांत आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागाकडे बोट दाखवलं. दरम्यान मार्गदर्शक तत्त्वं तर आणखी स्पष्ट झाली होती. मुलाचं ताट मात्र निधीबरोबर भरलं आणि निधीबरोबरच रितं झालं.

सल्ल्यापलीकडे जाऊन ताट बदलताही येतं. फिनलंडच्या नॉर्थ करेलियात १९७२ मध्ये हृदयरोगाविरुद्ध मोहीम सुरू झाली, तेव्हा पेक्का पुस्का आणि त्यांचे सहकारी पत्रकं वाटून थांबले नाहीत. दूध डेअऱ्या, सॉसेजचे कारखाने, गृहिणींच्या संघटना यांना त्यांनी सोबत घेतलं. लोणी-दुधावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत मिळाली. पुढच्या काही दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयरोगाचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

जळगाव-धुळ्यातही कामाचा आरंभ पत्रकांपासून नव्हे, पिकवणाऱ्या आणि पुरवणाऱ्यांपासून व्हावा. शेतकऱ्याची ज्वारी आधारभूत किमतीने वेळेवर खरेदी व्हावी आणि त्याच जिल्ह्याच्या रेशन दुकानात ती बाराही महिने मिळावी. कळण्याचं पीठ दळून अंगणवाड्यांना पुरवण्याचं काम गावच्या बचत गटांना, रोख मोबदल्यावर द्यावं. आणि शाळेतल्या केळ्या-अंड्याचा निधी सरकारने पुन्हा सुरू करावा, येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यापासून.