फोरहँड जमेना? भिंतीची मदत घ्या

मैत्रिणींनो, मुलाला टेनिसला सोडून बाकावर विणकाम करत बसलं की मनात येतंच, 'मला जमेल का हो हे?' मी बेचाळिसाव्या वर्षी रॅकेट हातात घेतली. पहिले आठ दिवस चेंडू मारण्यापेक्षा शोधण्यातच गेले. लोक हसतील म्हणून मैदानावर जायची लाज वाटे. शेवटी कामी आली ती कॉलनीमागची भिंत!

भिंतीवर जमिनीपासून ३ फुटांवर खडूने रेघ ओढा. जाळीची मध्यावरची उंची तेवढीच असते. रॅकेट उभी धरून तिच्या दांड्याशी हस्तांदोलन करावं, तशी मूठ धरा. मूठ फार आवळू नका. डावा खांदा भिंतीकडे, गुडघे किंचित वाकलेले. चेंडू जरासा वर उडवून खाली पडू द्या. टप्पा घेऊन तो कमरेपर्यंत आला, की अंगाच्या थोडा पुढे गाठा. रॅकेट खालून वर जात डाव्या खांद्यापाशी थांबली पाहिजे. डावखुऱ्यांनी हेच उलट करावं.

एक चूक बहुतेकींची होते. धुणं आपटावं तसा नुसत्या हाताने फटका मारायचा! त्याने कोपर धरतं, मग पोळ्या लाटणंही नको होतं. जोर कमरेच्या वळण्यातून येऊ द्या. दुखलंच तर विश्रांती घ्या, थांबेना तर डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातीला हिरव्या किंवा नारिंगी ठिपक्याचे मऊ चेंडू घ्या; ते हळू येतात. रोज पंधरा मिनिटं पुरेत. तेवढ्या वेळात घरच्यांनी आपापला चहा करून घ्यावा, हे मात्र आधीच सांगून ठेवा!