चौथ्या चौकटीत बुरखा

एआयकडून स्टोरीबोर्ड करून घेताना दृश्यांचं सातत्य टिकवणं हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे, असं मला वाटत नाही. एका लघुपटासाठी मी वर्णन दिलं: सोलापूरची मुस्लिम आजी, सुती लुगडं, डोक्यावर पदर. पहिल्या तीन चौकटींत ती बरी उतरली. चौथ्या चौकटीत, वर्णन तेच असूनही, अंगावर बुरखा आला. सहाव्या चौकटीत तर मागे घुमटही उगवला!

हे साधन प्रत्येक चित्र जवळपास नव्यानं काढतं. तपशील निसटला, की त्या जागी ‘मुस्लिम’ या शब्दाला चिकटलेला तयार साचा बसतो.

त्यावर उपाय आहे. आधी पात्राचा तक्ता करावा: समोरून, बाजूनं, मागून. प्रत्येक चौकटीला तोच संदर्भ म्हणून जोडावा आणि वर्णनाचा एक शब्दही बदलू नये.

सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’च्या (1955) चौकटी स्वतः रेखाटल्या होत्या. आपली माणसं त्यांच्या नजरेसमोर होती. यंत्राला आपली आजी ठाऊक नाही. ती आपणच नीट ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पडद्यावर पुन्हा दुसऱ्यांच्या कल्पनेतली मुसलमान बाईच दिसेल.