ओढा बुजला, दाद कुठे मागायची?



पोलादपूर तालुक्यातील कापडे परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून नदीला, ही तिथली रीत. उतारावर घरांचे प्लॉट पाडून ओढा बुजवला की बांध फुटतो तो खालच्या शेतकऱ्याचा. याच मुलखात २२ जुलै २०२१ रोजी तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे येथे दरडी कोसळल्या. पाण्याशी खेळ करावा अशी ही जागा नव्हे.

तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहूवाले, आम्हाला काय त्याचे? काळ्या रानात पाणी तुंबले की उभी कपाशी मान टाकते, ज्वारी पिवळी पडते. शेजारी ले-आउट पडला की गत तीच.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ प्रमाणे शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतो. दावा मात्र सहा महिन्यांच्या आत हवा. आणि अडथळा कायदेशीर परवानगीने उभा असेल, तर हे कलम कामाला येत नाही. खरी मेख इथेच आहे! शिक्का पडल्यावर दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची पाळी येऊ शकते.

म्हणून मागणी एकच. परवानगीआधी ग्रामपंचायत व तहसील कचेरीने शिवारात येऊन ओढे-नाले नकाशावर उतरवावेत आणि खालच्या शेतकऱ्याचे म्हणणे लिहून घ्यावे. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडाच.