स्टॅमिना कोणाचा?



आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कित्येक वर्षे सेवा करीत आहे. रविवारी मिस्सानंतर भेटली की सगळे म्हणायचे, "बाई, तुमच्या स्टॅमिनाला मानलं पाहिजे!" मीही म्हणत असे. एकदा ती म्हणाली, "स्टॅमिना कसला सर, दुसरं कोण आहे?" ते मला बोचत राहिले.

घरी येऊन शब्दाचे मूळ पाहिले. लॅटिनमध्ये 'स्टामेन' म्हणजे मागावरचा उभा धागा, आपला ताणा. 'स्टॅमिना' हे त्याचे अनेकवचन. दैवाच्या देवता माणसाच्या आयुष्याचा धागा कातून ठेवतात, असे प्राचीन रोमी लोक मानत. त्यामुळे इंग्रजीत हा शब्द आधी जन्मजात जीवनशक्तीसाठी, आणि अठराव्या शतकात दम, चिकाटी या अर्थाने वापरात आला.

बेळगावच्या शहापूर-वडगावात माग पाहिलेल्यांना ठाऊक आहे: बाणा ये-जा करतो, ताण सोसतो तो ताणा. पण एकटा धागा तो सोसत नाही. शेजारी शेकडो धागे असतात. आधी खळ लावून त्यांना बळ दिलेले असते. एखादा तुटलाच तर विणकर त्याला नावे ठेवत नाही. माग थांबवून गाठ मारतो.

आपण मात्र हा अनेकवचनी शब्द एकवचनी करून टाकला. स्टॅमिना ही ज्याची त्याची शिल्लक समजतो. ज्याच्याकडे ती दिसते त्याची स्तुती करून मोकळे होतो. जो थकतो त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणतो. माझे स्पष्ट मत आहे की ही स्तुती पुष्कळदा मदत टाळण्याची सभ्य रीत असते.

निर्गमाचा १७ वा अध्याय पाहा. मोशेचे हात जड झाले. अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी सूर्यास्तापर्यंत त्याचे हात धरून ठेवले. प्रत्यक्ष मोशेचेही हात थकले, आणि पवित्र शास्त्राने ते लपवले नाही.

त्या भगिनीच्या घरी आता आमच्यापैकी चौघीजणी आठवड्यातून एकेक दुपार बसतात. हे फार आधी सुचायला हवे होते.

येत्या रविवारी कोणाच्या स्टॅमिनाचे कौतुक ओठांवर आले, तर त्याऐवजी एवढेच विचारू या: "मी कधी येऊ?"

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.